काठीवरचा हातमोजा

१

तार्मोला दात चालायचे. हातमोजे चालायचे नाहीत.

म्हणजे दुसऱ्याचे. स्वतःचे मोजे तो जिवापाड जपायचा. धंदा त्याचा कवळ्यांचा. पार उत्तरेकडच्या ओउलू शहराच्या तुइरा भागात हेल्वी नावाच्या बाईचं कवळ्या बनवायचं छोटं वर्कशॉप होतं, तिथे तो लोकांच्या तोंडातला माल दुरुस्त करायचा. म्हाताऱ्यांच्या कवळ्या यायच्या, त्यांना परवाची लापशी चिकटलेली असायची, कधी माशाचा काटा, कधी काय ते न विचारलेलं बरं. तार्मो ते सगळं ब्रशने खरवडायचा, हात धुवायचा आणि तिथेच बसून पाव खायचा. पण कुणी आपला वापरलेला मोजा त्याच्यासमोर टेबलावर टाकला आणि त्यातलं ओलसर अस्तर जरा बाहेर डोकावलं, की हा हातातला पाव तसाच खाली ठेवायचा.

"लोकांच्या तोंडातलं उपसतोस आणि मोज्याला घाबरतोस," हेल्वी म्हणायची.

"तोंड माणूस धुतो. मोजा आतून कोण धुतो?"

हेल्वीने टेबलावरचा आपला मोजा उचलून खिशात घातला, कारण तिनेही तो कधी धुतला नव्हता.

घरून वर्कशॉपपर्यंत तो सायकलने यायचा, बाराही महिने. यात कौतुक काही नाही, अर्धं गाव तसंच येतं. उणे पंचवीसला पोरं सायकलने शाळेत जातात. बर्फ ढकलणारी गाडी पहाटे आधी सायकलरस्ता साफ करते, मोटारवाल्यांचं नंतर बघू म्हणते. खिळ्यांचे टायर करकर वाजत जातात. नाकातून जे गळतं ते मिशीत गोठतं. गळपट्टीवर श्वासाचा थर धरतो, तो विरघळून हनुवटीला चिकटतो आणि परत गोठतो. बाहेरून कडक, आतून घामाने आंबलेला, असा माणूस सकाळी कामावर पोचतो. फ्रीजमध्ये मागे सरकून विसरलेल्या भाजीसारखा. सगळेच तसे असल्यामुळे कुणी कुणाला काही म्हणत नाही.

पण दोन हिवाळ्यांपूर्वी तार्मोच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गारठून पांढरी पडली होती. वाचली, पण शेंड्यांची जाण गेली. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "या वेळी वाचवली. पुढच्या वेळी कापणार." बोटं गेली की कवळ्या गेल्या, आणि तार्मोला जगात दुसरं काही येत नव्हतं. म्हणून त्याची बायको सुवी रोज सकाळी दारात त्याचे मोजे स्वतः ओढून बघायची, बालवाडीतल्या पोराचे बघावेत तसे.

"घट्ट आहेत?"

"आहेत."

"खोटं बोलू नकोस."

"मी कधी बोललोय?"

हेही खरंच होतं. तार्मोला खोटं बोलता येत नसे. त्याने प्रयत्नही केला नव्हता.

२

त्या सकाळी पूल ओलांडल्यावर, सायकलरस्त्याच्या मधोमध एक हातमोजा पडला होता.

आता अशा वेळी काय करायचं, हे तिथे कुणी कुणाला शिकवत नाही. आपोआपच येतं. मोजा उचलायचा, झटकायचा आणि बर्फात रस्त्याची कड कळावी म्हणून रोवलेल्या काठीवर उपडा बसवायचा. म्हणजे मालक परत आला की त्याला दिसतो. हिवाळ्याच्या शेवटी रस्त्याच्या कडेला असे दहा-बारा पंजे उभे असतात, लाल, निळे, लोकरीचे, आणि सायकलवाल्यांना 'थांब' म्हणतात. कुणी चोरत नाही. कुणी फेकत नाही. अख्ख्या गावाला लाज म्हणून आहे ती एवढ्या एका गोष्टीत, असं तार्मोचा बाप म्हणायचा.

हा मोजा तपकिरी चामड्याचा, जुन्या घाटाचा होता. उजव्या हाताचा. तार्मो थांबला, खाली वाकला आणि दोन बोटांच्या चिमटीत त्याने तो उचलला.

मोजा उबदार होता.

त्याने स्वतःचा जाड मोजा घातलेला होता, तरी ते कळलं. आता कुणाच्या हातातून पडला असेल तर उबदार असणारच, हे त्याने स्वतःला सांगितलं. पण पुढे रस्त्यावर कुणी नव्हतं, मागे कुणी नव्हतं, बर्फावर टायरची ताजी खूण नव्हती. आणि ही ऊब हाताची नव्हती. आपण संडासात जाऊन बसावं आणि कळावं की आत्ताच कुणीतरी उठून गेलंय, तशी ती होती. कुणीतरी बराच वेळ बसून, पेपर वाचून उठून गेल्यासारखी.

त्याने तो पटकन काठीवर बसवला. बसवताना आतलं अस्तर काठीवर सरकलं आणि ओल्या जिभेचा होतो तसा आवाज झाला.

"मळमळतंय का रे?" वर्कशॉपमध्ये हेल्वीने विचारलं.

"मोजा उचलला एक. रस्त्यातला."

"बरं केलंस की. तोंड का असं?"

"ओला होता आतून."

"घाम असेल."

"उणे सव्वीसला घामाचा बर्फ होतो, हेल्वी."

"मग बर्फ असेल," हेल्वी म्हणाली आणि एक कवळी त्याच्यापुढे सरकवली. "घे. हिला सामन माशाचा वास येतोय. बरं वाटेल तुला."

३

दुसऱ्या दिवशी मोजा त्या काठीवर नव्हता. तार्मोला हायसं वाटलं. मालकाने नेला.

संध्याकाळी परतताना तो दिसला. पुलाच्या घराकडच्या बाजूला, पार दुसऱ्याच काठीवर.

असं होतं. वाऱ्याने पडतो, एखादं कुत्रं तोंडात धरून पुढे नेतं, मग कुणीतरी उचलून जवळच्या काठीवर लावतं. यात गूढ काय? तिसऱ्या दिवशी तो शाळेजवळच्या वळणावर होता. मग बेकरीसमोर. मग बसस्टॉपच्या पुढच्या काठीवर. प्रत्येक वेळी कुणीतरी भल्या माणसाने नीट झटकून, नीट उपडा घालून बसवलेला.

"घराकडे येतोय," तार्मो जेवताना म्हणाला.

"कोण?"

"मोजा."

सुवीने काटा खाली ठेवला. "मालक आपल्याच बाजूला राहत असेल. लोक ओळखत असतील त्याला. पुढे पुढे सरकवत असतील."

"कोणाचाय ते माहीत असेल तर हातात नाही का देणार?"

"आपल्याकडे? हातात? म्हणजे दार वाजवून बोलायचं त्याच्याशी?" सुवी म्हणाली. "वेडा आहेस का तू?"

हे मात्र पटण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम थांबला. खरं तर थांबायला नको होतं, पण माणूस किळस आलेल्या गोष्टीकडे दोनदा बघतोच. काठीवर बोटभर गोठलेलं दहिवर होतं. शेजारच्या काठीवर कुणाचीतरी लोकरीची टोपी होती, ती लाकडासारखी कडक झालेली. मोजा मात्र काळपट ओला होता. त्याच्यावर पडलेला बर्फ वितळून करंगळीच्या टोकावरून खाली ओघळला होता आणि तिथे त्याची कांडी लोंबत होती. कांडी पिवळट होती. तार्मोने आयुष्यात कितीतरी म्हाताऱ्यांच्या कवळ्या भिजत घातल्या होत्या, त्या पेल्यातलं सकाळचं पाणी त्याला चांगलं ओळखीचं होतं. रंग तोच.

त्याने ओठ दातांत दाबून ओकारी गिळली आणि पेडल मारलं.

४

शेवटी एका दुपारी त्याने जे केलं ते तिथला माणूस सहसा करत नाही. त्याने मोजा काठीवरून काढला आणि आपल्या बिल्डिंगच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. इकडेतिकडे बघून टाकला, चोरासारखा.

सकाळी तो बिल्डिंगच्या अंगणात, सायकली लावायच्या जागेजवळ बर्फात खुपसलेल्या फावड्याच्या दांड्यावर होता. खालच्या मजल्यावरचा रेइयो तिथेच पायरीवर वाळू टाकत होता.

"बघितलंस?" रेइयो म्हणाला. "कुणीतरी चांगला चामड्याचा मोजा कचऱ्यात टाकला होता. लोक माजलेत नुसते. म्हटलं, आपल्यापैकीच कुणाचा असेल."

"रेइयो, तो उबदार लागला का हो तुम्हाला?"

"उंची मालच आहे तो," रेइयो म्हणाला. "आजकाल असे मिळत नाहीत."

तार्मोने मोजा पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि पुलावर पोचल्यावर, जिथे नदी धरणामुळे गोठत नाही तिथे, कठड्यावरून खाली सोडला. पिशवीसकट सोडायला त्याला लाज वाटली, नदीत प्लास्टिक कसं टाकणार? म्हणून नुसता मोजा सोडला. काळ्या पाण्यात तो पालथा पडला आणि सावकाश वाहत गेला. तार्मोने श्वास सोडला. पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपण उगाच घाबरत होतो.

पुलाच्या पलीकडे हिवाळी पोहणाऱ्यांची जागा होती. लाकडी जिना थेट पाण्यात उतरतो. तार्मो तिथून जात असताना एक आजीबाई जिना चढून वर आल्या. अंगात पोहायचा पोशाख, डोक्यावर लोकरीची टोपी, अंगातून वाफा. या केर्त्तू, सगळा तुइरा त्यांना ओळखतो.

"ए पोरा, थांब," केर्त्तू म्हणाल्या. त्यांच्या हातात मोजा होता. पाणी गळत होतं. "वरून तुझाच पडला ना? मी बघितलं कठड्यावर तुला."

"माझा नाही तो."

"तुझ्याच हातातून पडला."

"पडला माझ्याच हातातून. पण माझा नाही."

केर्त्तूंनी त्याच्याकडे बघितलं. मग मोजा हातात दाबून बघितला, बायका आंबा दाबून बघतात तसा.

"मी त्या पाण्यातून आले, माझं सगळं बधिर झालंय," त्या म्हणाल्या, "आणि हा बघ, गरम. चांगल्या अस्तराचा आहे. असं टाकू नये रे. कुणीतरी वाट बघत असेल याची." आणि त्यांनी तो जिन्याच्या खांबावर बसवला, दोनदा थोपटला आणि सौनाच्या वाफेच्या खोलीकडे निघून गेल्या.

तार्मोच्या लक्षात आलं. हा मोजा स्वतः कुठे जात नव्हता. त्याला गरजच नव्हती. तो फक्त पडत होता. बाकीचं सगळं हे चांगले लोक करत होते.

५

दोन दिवसांनी तो घरात होता.

"दाराबाहेर पडला होता," सुवी म्हणाली. "भिजून चिंब. म्हटलं, वाळवून परत बाहेर लावू." तिने तो हीटरवर वाळत टाकला होता, तार्मोच्या मोज्यांच्या शेजारी.

घरात वास सुटला होता. वाईट म्हणावा असा नाही, आणि तेच वाईट होतं. नाणं बराच वेळ तोंडात ठेवून बाहेर काढल्यावर येतो तसा. गोडसर, लोखंडी, लाळेचा. सुवी म्हणाली, तिला कसलाच वास येत नाही. मग तिने खिडकी उघडली.

सकाळी तार्मो मोजे घ्यायला गेला तेव्हा त्याचा उजवा मोजा हीटरवर सरळ पडलेला नव्हता. तपकिरी मोजा त्याच्यावर आडवा पडला होता आणि दोन्हींची बोटं एकमेकांत अडकली होती. शाळेतली पोरं वर्गातून बाहेर जाताना जोडीने हात धरतात तशी.

"पडले असतील एकमेकांवर," सुवी दारातून म्हणाली. पण तिनेही पुढे येऊन ते सोडवले नाहीत.

तार्मोने लाकडी चमच्याने सोडवले. स्वतःचा मोजा उलटा करून धुतला, हेअर ड्रायरने वाळवला, हुंगला, परत धुतला. मग तपकिरी मोजा प्लास्टिकच्या पिशवीत टाकला. वर्कशॉपमध्ये कवळ्यांचे धातूचे सांगाडे ओतायची भट्टी होती. त्यात सोनंही वितळतं, चामड्याचं काय घेऊन बसलाय?

"बाहेर उणे एकोणतीस आहे," सुवी म्हणाली. "बसने जा."

"हे घेऊन? बसमध्ये विसरलं तर ड्रायव्हर घरी आणून देईल."

सुवीने त्याचे मोजे ओढून बघितले. "घट्ट आहेत?"

"ओले आहेत जरा. पण घट्ट."

६

पुलाच्या मधोमध साखळी उतरली.

यातही काही विशेष नाही, एवढ्या थंडीत ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. तार्मो उतरला, सायकल कठड्याला टेकवली. जाड मोजा घालून साखळी चढत नाही, म्हणून उजवा मोजा काढून सीटवर ठेवला आणि घाईघाईने साखळी चढवली. लोखंड बोटांना चिकटत होतं. तेवढ्यात मागून बर्फ ढकलणारी गाडी आली, पिवळा दिवा फिरवत. तार्मो कठड्याला चिकटून उभा राहिला. गाडीने त्याला सांभाळून वळसा घातला, ड्रायव्हरने हातसुद्धा केला, आणि गाडी गेली तेव्हा सीटवर मोजा नव्हता. कडेला कमरेएवढा बर्फाचा नवा बांध तयार झाला होता.

त्याने उघड्या हाताने बांध उकरला. मग डाव्या हाताने. मग परत उजव्या. डावा मोजा उजव्या हातात घालून बघितला, अंगठा नको तिथे आला. हात काखेत दाबला. नदीवरून वारा सरळ चेहऱ्यावर येत होता. एका हाताने सायकल चालवून बघितली आणि गोठलेल्या चाकोरीत चाक अडकून सरळ आडवा झाला.

उठून हात बघितला तर मधली तीन बोटं पांढरी होती. मेणबत्त्यांसारखी. त्याने ती हँडलवर आपटली. आवाज आला, पण जाणवलं काही नाही. पुढच्या वेळी कापणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पुढची वेळ ती हीच. दोन्ही बाजूंना पूल लांबच लांब पसरला होता आणि त्यावर चिटपाखरू नव्हतं. एरवी तो तपकिरी मोजा पडला की कुठून तरी माणूस उगवायचा. आज कुणी नाही.

हँडलला पिशवी अडकवलेली होती. तिला आतून वाफ धरली होती.

तार्मो पिशवीकडे बघत उभा राहिला. वाफ एका जागी जमायची, ओसरायची, परत जमायची. ऊब आणि थंडी एकत्र आली की असं होतं, हे विज्ञान आहे, हे त्याने स्वतःला मोठ्याने सांगितलं. मग दातांनी पिशवीची गाठ सोडली. गाठीला नाण्याची चव होती.

त्याने डोळे मिटले आणि हात तपकिरी मोज्याच्या आत घातला.

आत ओलं होतं, गरम होतं आणि मऊ होतं. गालाच्या आतल्या बाजूला जीभ लावून बघावी, तसं. त्याच्या घशाशी सकाळची लापशी आली. त्याने ती परत खाली ढकलली आणि बोटं पुढे सारली.

आत आधीच बोटं होती.

त्यांनी सरकून जागा करून दिली. बसमध्ये खिडकीजवळचा माणूस जसा काही न बोलता, न बघता अंग चोरून घेतो, तशी. मग त्याच्या प्रत्येक बोटाच्या शेजारी एक एक येऊन नीट टेकलं. एकाचं नख वाढलेलं होतं.

अस्तर फाटलं की अशा घड्या पडतात, तार्मोने स्वतःला सांगितलं. नख म्हणजे शिवण उसवलेली असणार. चामड्याची शिवण कडक असते. तो हे पुलाच्या टोकापर्यंत सांगत राहिला, मोठमोठ्याने, आणि हात मात्र त्याने बाहेर काढला नाही. कारण तीन बोटांमध्ये हळूहळू कळ यायला लागली होती, आणि कळ येणं म्हणजे बोटं जिवंत असणं.

७

वर्कशॉपमध्ये हात बाहेर आला तो गुलाबी होता. तासभर टबात बसल्यासारखा सुरकुतलेला, पण पाचही बोटं गुलाबी. मोजा त्याच्या हातातून खाली पडला तो टणक वाजला. थंड, कोरडा, हलका. तार्मोने चिमट्याने तो उघडून आत बॅटरी मारली. फाटकं नसलेलं, साधं अस्तर. वासही नुसत्या चामड्याचा.

त्याने तो भट्टीत टाकला.

"काय जाळतोयस?" हेल्वीने नाक दाबत विचारलं.

"मोजा."

"का?"

"दुसऱ्याचा होता."

"मग परत द्यायचा असतो," हेल्वी म्हणाली. "जाळत नाहीत. काय रे, अशी कशी आज तुमची पिढी?"

मोजा जळाला. राख झाली. तार्मोने ती स्वतः झाडली आणि कामाला बसला. पहिली कवळी हातात घेतली आणि थबकला. त्याला ती जाणवत होती. नुसती अंगठ्याला, करंगळीला नाही, तर मधल्या तीन बोटांच्या शेंड्यांनाही, जिथे दोन वर्षं नुसतं लाकूड होतं. हिरड्यांवरचा खडबडीतपणा, कडेची चीर, वाळलेल्या लाळेचा पापुद्रा, सगळं. त्याने दिवसभर काम केलं. संध्याकाळी हेल्वीने कवळी उजेडात धरली आणि दोनदा फिरवून बघितली.

"ही तू केलीस?"

"हो."

"इतकी वर्षं मग काय करत होतास?"

हेल्वीच्या तोंडून ही स्तुतीच. तार्मोला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण दुपारपासून त्याच्या एक गोष्ट लक्षात येत होती. कवळ्या भिजत घातलेल्या पेल्यात हात घातला की हात बाहेर यायला वेळ लावत होता. तो काढत होता. पण हात जरा उशिरा येत होता, गरम पाण्यातून उठायला आळस करणाऱ्या माणसासारखा. आणि पाण्याचा तो पिवळट बुळबुळीतपणा बोटं एकमेकांवर चोळून बघत होती.

घरी त्याने सुवीला बोटं हलवून दाखवली. "जाण आली," तो म्हणाला. "तिन्ही बोटांना."

सुवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने त्याचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. "हात धू ना जरा."

"धुतलाय."

"परत धू."

त्याने परत धुतला. साबणाने, मग भांड्यांच्या साबणाने. तिने पुन्हा धरला, जरा वेळ धरून ठेवला, मग आपला तळवा झग्याला पुसला.

"किती ओला आहे रे," ती हळूच म्हणाली. "आणि तू माझा हात असा धरत नाहीस. तू बोटं धरतोस. हा मनगट धरतोय."

त्या रात्री ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या डावीकडे येऊन झोपली.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी, निळसर उजेड असताना, तो पुलावरून परत येत होता. उजव्या हातात मोजा नव्हता. सुवीने कपाटातून नवा काढून दिला होता, पण हात त्यात जाईना. बोटं ताठ करून तो दारात उभाच राहिला, लहान मूल तोंड मिटून घेतं तसा. आणि गंमत म्हणजे थंडी वाजत नव्हती. हँडलचं रबर हाताखाली भिजून गेलं होतं.

पुलाच्या मधोमध बर्फाच्या बांधाशी केर्त्तू उभ्या होत्या. नुकत्याच पोहून आल्या असाव्यात, टोपीबाहेर आलेल्या केसांच्या काड्या झाल्या होत्या. त्यांच्या हातात काळा मोजा होता.

"पोरा, तुझं काहीतरी सारखं पडतंच असतं बघ," त्या म्हणाल्या. "बांधात होता. हा तरी तुझा आहे ना?"

तार्मोचाच होता. अंगठ्याजवळ सुवीने घातलेले टाके होते. तिला काळा दोरा सापडला नव्हता म्हणून निळ्याने घातलेले.

"बघ, आत बर्फ गेलाय वाटतं," केर्त्तू मोजा दाबत म्हणाल्या. "ही मधली तीन बोटं कशी कडक लागतात. अंगठा मऊ आहे. उबदार आहे रे अजून, आश्चर्यच आहे. रात्रभर बर्फात होता." त्यांनी मोजा त्याच्यापुढे धरला, उघडी बाजू त्याच्याकडे करून. "घाल हात. बघ बसतो का."

तार्मोने वाकून बघितलं. फार बघितलं नाही. मोज्याच्या काठाच्या जरा आत, जिथून अंधार सुरू व्हायला हवा तिथून, तो सुरू होत नव्हता. तिथे फिकट, दुमडलेलं काहीतरी होतं, आणि त्यावर घड्याळाच्या पट्ट्याचा वळ होता.

त्याने आपल्या उजव्या मनगटाकडे बघितलं. घड्याळ तो बरीच वर्षं उजव्या हातात घालायचा, आज सकाळी ते बसेना म्हणून डाव्यात घातलं होतं. उजवं मनगट गुळगुळीत होतं. वळ नव्हता.

तो उभा राहिला. हात पुढे करायचा, एवढंच. म्हणजे तीन मेलेली बोटं परत. डॉक्टरीणबाई परत. एखादी साखळी उतरायची खोटी, की हेल्वी दुसरा माणूस बघणार. पण हात आपला. सुवी जो हात धरून झोपायची तो.

हँडलवर उजव्या हाताची पकड घट्ट झाली. रबरावरची एक एक रेघ त्याला कळत होती. सुंदर कळत होती.

"नाही," तार्मो म्हणाला. "माझा नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग तुझा कुठाय? उघड्या हाताने चाललायस उणे वीसला."

"मला लागत नाही," तार्मो म्हणाला. हे खोटं नव्हतं, म्हणून त्याला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच किळस आली.

ज्याचा नाही त्याला किती विचारायचं? केर्त्तूंनी काळा मोजा झटकला. हलक्याने झटकला, जपून, आत काही असल्यासारखा. मग तो शेजारच्या काठीवर बसवला आणि बोटं सरळ केली, तीन झाली नाहीत ती तशीच ठेवली.

"येईल हो मालक," त्या मोज्याला म्हणाल्या. "नाहीतर कुणीतरी पोचवेल."

तार्मोने पेडल मारलं. थोडं पुढे गेल्यावर उजव्या हाताने हँडल सोडलं, मागे वळला आणि निरोपाचा हात केला. तार्मोने केला नव्हता. केर्त्तूंना वाटलं, आपल्यालाच केला, आणि त्यांनीही हात हलवला. काठीवरूनही कुणी हलवला असेल तर तार्मोने पाहिलं नाही. तो तोवर उताराला लागला होता, आणि उतारावर बर्फ असताना कुणी मागे बघत नाही.